रोपालाही सातबारा हवा

चेन्नईच्या नैर्ऋत्येला, श्रीपेरुंबुदूरच्या दक्षिणेस ओरगडमचा औद्योगिक पट्टा लागतो. मोटारी, मोटारसायकली आणि त्यांचे सुटे भाग बनविणारे मोठे कारखाने येथे आहेत. साच्यातून काढल्यासारखी एकसारखी वाहने तेथून बाहेर पडतात, तरीही प्रत्येक वाहनाच्या सांगाड्यावर त्याचा स्वतंत्र चेसिस क्रमांक कोरलेला असतो. पुढे एखाद्या भागात दोष आढळला, तर वाहन कोणत्या खेपेत तयार झाले हे त्या क्रमांकावरून कळते आणि तेवढ्याच खेपेतील वाहने परत बोलावता येतात. एकसारख्या वस्तूंमध्ये दोषही एकसारखाच उतरतो. म्हणून वस्तू जितक्या एकसारख्या, तितकी त्यांची नोंद काटेकोर हवी, हा धडा मोटार उद्योगाने पक्का गिरवला आहे.

ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा हाही एक कारखानाच आहे. एका निवडक मातृरोपाच्या शेंड्यापासून किंवा डोळ्यापासून तेथे हजारो रोपे तयार होतात आणि ती सारी आनुवंशिकदृष्ट्या एकाच साच्यातील असावीत, अशी अपेक्षा असते. हे घडवून आणणारी किल्ली म्हणजे संजीवके. केळीच्या बाबतीत महाराष्ट्रातील शेतकरी या तंत्राला चांगला सरावला आहे. आता सफेद मुसळी, कळलावी, नरक्या, हळद अशा औषधी वनस्पतींची ऊतिसंवर्धित रोपेही चर्चेत आहेत. ही रोपे घेताना 'टिश्यू कल्चर' या दोन शब्दांपलीकडे शेतकऱ्याच्या हाती सहसा काहीच पडत नाही. मातृरोप कोणते, बाटलीत किती फेऱ्या झाल्या, कोणती संजीवके वापरली, विषाणूंची तपासणी झाली की नाही, औषधी घटक किती आहे, यांपैकी कशाचीच लेखी नोंद रोपासोबत येत नाही. औषधी वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनातील खरी उणीव तंत्राची नसून नोंदीची आहे, आणि ती भरून काढल्याशिवाय या रोपांची शिफारस करणे विस्तार कार्यकर्त्यांनी टाळावे.

संजीवक: नाव मोठे, काम नेमके

'संजीवक' हा शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवा आहे. त्यातून शक्तिवर्धक, टॉनिक असा भास होतो. प्रत्यक्षात संजीवक हे अन्न नाही, खत नाही आणि टॉनिकही नाही. तो पेशींना दिलेला निरोप आहे. निरोप नेमका असेल तर काम होते. तोच निरोप दहा वेळा ओरडून सांगितला तर गोंधळ उडतो.

नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. जिबरेलिक आम्ल, म्हणजे त्याच्या बोलण्यातला 'जीए', फुलोऱ्याआधी १० पीपीएमच्या आसपास दिला तर घडाची लांबी वाढते. मणी धरल्यावर ४० पीपीएमच्या द्रावणात घड बुडवले तर मण्याचा आकार वाढतो. अवस्था चुकली किंवा मात्रा चुकली, तर त्याच जीएने घडाचे नुकसान होते. या जिबरेलिनचा शोधही एका रोगातूनच लागला. भाताची रोपे उंच, फिकट होऊन कोलमडणाऱ्या 'बाकानाए' रोगाचा अभ्यास करताना जपानी संशोधक कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले, की बुरशीने सोडलेला एक पदार्थच रोपांना असे उंच करतो. बुरशीने भाताला पाठवलेला तो खोटा निरोप होता.

ऊतिसंवर्धनाचा पाया १९५०च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात घातला गेला. माशाच्या शुक्राणूंतील डीएनएपासून १९५५ मध्ये कायनेटिन हा पेशीविभाजन घडविणारा पदार्थ वेगळा करण्यात आला. त्यानंतर १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या खोडातील गरावर केलेल्या प्रयोगांतून एक साधा आणि मूलभूत नियम मांडला. ऑक्सिन गटातील संजीवकांचे प्रमाण वरचढ असेल तर मुळे फुटतात, सायटोकायनिन गटातील संजीवकांचे प्रमाण वरचढ असेल तर कोंब फुटतात आणि दोन्ही समतोल असतील तर पेशींचा नुसता गोळा वाढत राहतो. पुढे १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांचे पोषक माध्यम प्रसिद्ध झाले आणि जगभरातील प्रयोगशाळांना एक समान पाया मिळाला. आजही बहुतेक प्रयोगशाळांत कोंब वाढविण्यासाठी बीएपी हे सायटोकायनिन आणि मुळे आणण्यासाठी आयबीए किंवा एनएए ही ऑक्सिने वापरली जातात. त्यांची मात्रा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. द्राक्षाच्या मात्रेशी ताडून पाहिले, तर बाटलीतला निरोप किती हळू आवाजात दिला जातो ते ध्यानात येईल.

मात्रेचे महत्त्व आणखी दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. पेशींचा गोळा तयार करण्यासाठी प्रयोगशाळेत वापरले जाणारे २,४-डी हे ऑक्सिन शेतकरी तणनाशक म्हणून ओळखतात. कोंबांची संख्या झपाट्याने वाढविणारे थिडायाझुरॉन हे कपाशीची पाने गाळण्यासाठी वापरात आलेले रसायन आहे. पदार्थ तोच; मात्रा आणि प्रसंग बदलला की परिणाम उलटतो. वनस्पतिवाढ नियंत्रकांचे नियमन आपल्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ च्या चौकटीत होते, ही गोष्टही त्यांच्याकडे केवळ 'टॉनिक' म्हणून पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

भीती चुकीच्या ठिकाणी

औषधी वनस्पती पोटात घ्यायच्या असतात. त्यामुळे 'हार्मोनवर वाढवलेली' मुसळी किंवा हळद अपायकारक असेल, अशी शंका अनेकदा घेतली जाते. शंका स्वाभाविक आहे, पण साधे गणित तिला उत्तर देते. लिटरमागे १ मिलिग्रॅम बीएपी असलेले ५० मिलिलिटर माध्यम एका बाटलीत असेल, तर त्या संपूर्ण बाटलीत बीएपी असते ०.०५ मिलिग्रॅम. त्यात अनेक कोंब वाटेकरी असतात. पुढे मुळांच्या माध्यमात ते कोंब बीएपीविना वाढतात, नंतर रोपवाटिकेत आणि मग अनेक महिने शेतात. त्या काळात रोपाचे वजन कित्येक पटींनी वाढते आणि मूळच्या संजीवकाचा अंशही विरून जातो. शिवाय ऑक्सिने व सायटोकायनिने प्रत्येक हिरव्या वनस्पतीत निसर्गतःच असतात.

तेव्हा बाटलीतील संजीवकाचा अंश ग्राहकाच्या पोटात जाण्याची भीती निराधार म्हणावी लागेल. खरा धोका वेगळा आहे. संजीवकाने रोपाच्या पेशींकडून जे करून घेतले, त्याची खूण रोपात कायमची राहू शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

दोन फेऱ्यांचा मोह

बाटलीतील कोंब दर चार आठवड्यांनी वेगळे करून नव्या माध्यमात ठेवतात. या क्रियेला उपसंवर्धन म्हणतात. एका फेरीत एका कोंबाचे तीन होतात असे धरले, तर आठ फेऱ्यांत ६,५६१ आणि दहा फेऱ्यांत ५९,०४९ कोंब मिळतात. शेवटच्या दोन फेऱ्यांनी संख्या नऊपट होते. सायटोकायनिनची मात्रा थोडी वाढवली, तर दर फेरीतील फुटवेही वाढतात. व्यापारी प्रयोगशाळेपुढील मोह नेमका येथे उभा राहतो.

मात्र प्रत्येक जादा फेरी आणि प्रत्येक जादा मिलिग्रॅम आपली किंमत वसूल करतात. सायटोकायनिन जास्त झाले की रोपे काचेसारखी पारदर्शक, पाणीदार आणि ठिसूळ होतात. अशी रोपे बाटलीबाहेर तग धरत नाहीत. हा दोष निदान दिसतो तरी. त्याहून गंभीर दोष म्हणजे पेशींच्या पातळीवर होणारे आनुवंशिक बदल. लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये अशा बदलांना 'सोमाक्लोनल व्हेरिएशन' हे नाव दिले. मराठीत त्याला कायिक विचलन म्हणता येईल. शेंड्यापासून किंवा बगलेतील डोळ्यापासून थेट कोंब घेतले तर हा धोका कमी असतो. आधी पेशींचा गोळा करून त्यातून रोपे काढली तर तो वाढतो. फेऱ्या जितक्या जास्त, तितका तो वाढत जातो.

केळीने हा धडा दिलेला आहे. ऊतिसंवर्धित बागेत मधूनच बुटके झाड, चट्टेदार पानांचे झाड किंवा विचित्र घडाचे झाड दिसते. म्हणूनच केळीत उपसंवर्धनाच्या फेऱ्या साधारणतः आठच्या आसपास थांबविण्याचा दंडक पाळला जातो. पण केळीतील विचलन शेतकऱ्याला बांधावरून दिसते आणि तो रोपवाटिकेला जाब विचारू शकतो. औषधी वनस्पतीत विकायचा माल दिसतो पानात, मुळात, बियांत. त्याची किंमत मात्र ठरते त्यातील अदृश्य रसायनावर. झाड हिरवेगार, कंद टपोरे आणि औषधी घटक निम्मा, असे घडले तर शेतकऱ्याला ते खरेदीदाराच्या तपासणी अहवालातूनच कळते. तोवर दोन-तीन हंगाम निघून गेलेले असतात.

सह्याद्रीतील नरक्याचे उदाहरण येथे बोलके आहे. कर्करोगावरील औषधांचा मूळ आधार असलेले कॅम्पटोथेसिन वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले. त्यानंतर १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते नरक्यात असल्याचे दाखवून दिले. चेन्नईच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून आलेले गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात काम करीत होते. त्या शोधानंतर नरक्याची मागणी वाढली आणि सह्याद्रीतील झाडे मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. या झाडातील कॅम्पटोथेसिनचे प्रमाण झाडागणिक आणि ठिकाणागणिक बदलते. म्हणजे मातृवृक्षाची निवड योग्य झाली तर ऊतिसंवर्धन हे वरदान आहे, कारण उत्तम झाडाच्या हजारो प्रती मिळतात. निवड न करता, हाताला लागेल त्या झाडापासून रोपे केली, तर सामान्य झाडाच्याच हजारो प्रती शेतकऱ्याच्या माथी बसतात. दोन्ही रोपांच्या पिशवीवर 'टिश्यू कल्चर' हेच शब्द असतात.

किडीची साक्ष

संजीवकांची भाषा सर्वांत आधी आत्मसात केली ती प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी नव्हे, कीटक आणि कोळी यांनी. करंजाच्या पानांवर उठणाऱ्या पुटकुळ्या सर्वांनी पाहिलेल्या असतात. डोळ्यांना न दिसणारे कोळी पानाच्या पेशींना विभाजनाचा आदेश देतात आणि झाड स्वतःच्या खर्चाने त्यांना घर बांधून देते. पाने पोखरणाऱ्या काही अळ्या पिवळ्या पडत चाललेल्या पानात सायटोकायनिनच्या साहाय्याने आपल्यापुरता हिरवा तुकडा राखून ठेवतात. आयुर्वेदात तर अशा गाठीलाच औषधाचे स्थान मिळाले आहे. बालचातुर्भद्र चूर्णातील काकडशिंगी हे फळ नाही किंवा शेंगही नाही. हिमालयातील एका वृक्षावर मावा किडीमुळे तयार झालेली ती पोकळ गाठ आहे.

यातून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. वनस्पतीचे औषधी घटक माणसाच्या आरोग्यासाठी निर्माण झालेले नाहीत. अल्कलॉइड, सॅपोनिन, टॅनिन, सुगंधी तेले ही बहुतांशी किडी, रोगजंतू आणि चरणारे प्राणी यांच्याविरुद्धची शस्त्रे आहेत. किडीने पान कुरतडले की झाडात जास्मोनिक आम्ल या संजीवकाचा इशारा पसरतो आणि शस्त्रनिर्मिती वाढते. वाढ आणि संरक्षण यांच्यात झाडाला कायम ताळमेळ घालावा लागतो. ज्या रोपाची निवड केवळ 'बाटलीत किती लवकर फुटवे येतात' या निकषावर होते, त्याच्या संरक्षणाची, म्हणजेच औषधी गुणाची, हमी कोणीच दिलेली नसते. म्हणूनच औषधी वनस्पतीच्या निवडलेल्या वाणाची कसोटी बाटलीत लागत नाही. ती शेतात, किडींच्या सान्निध्यात, एक पूर्ण हंगाम काढल्यावर रासायनिक तपासणीनेच लागते.

दुसरा मुद्दा एकसारखेपणाचा. कळलावी हे तमिळनाडूचे राज्यपुष्प. त्या राज्याच्या पश्चिमेकडील जिल्ह्यांत बियांसाठी त्याची लागवड होते. बियांत कोल्चिसिन हे तीव्र विष असते आणि संधिवाताच्या एका प्रकारावर ते औषध म्हणून वापरले जाते. इतके विषारी झाड किडीपासून सुरक्षित असेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु काळ्या अंगावर पांढरे व लाल ठिपके मिरवणारी पॉलिटेला जातीची अळी कळलावीची पाने बिनदिक्कत फस्त करते. शस्त्र कितीही धारदार असले तरी त्यावर मात करणारी एखादी कीड असतेच. बियांपासून वाढलेल्या शेतात झाडाझाडांत फरक असतो, त्यामुळे काही झाडे तग धरतात. एकाच मातृरोपाच्या प्रतींनी भरलेल्या शेतात किडीने एका झाडाचे कुलूप उघडले, की साऱ्या शेताचे उघडले. यास्तव कोणत्याही औषधी पिकाची संपूर्ण लागवड एकाच वाणावर करू नये. तीन-चार वेगवेगळ्या मातृरोपांच्या वंशांचे मिश्रण ठेवावे. प्रयोगशाळेला हे थोडे अडचणीचे जाईल, पण शेताचा विमा त्यातच आहे.

बाटलीपासून बांधापर्यंत

ऊतिसंवर्धित रोप 'रोगमुक्त' असते, हे विधान अर्धेच खरे आहे. शेंड्यातील अगदी टोकाची ऊती घेऊन आणि विषाणू तपासणी करून तयार केलेले रोप बाटलीतून बाहेर पडताना विषाणूमुक्त असते. त्यानंतरच्या आयुष्याची हमी त्यात नसते. विषाणूमुक्त असणे आणि विषाणूला प्रतिकारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रयोगशाळेच्या आतही किडी शिरतात. फुलकिडे आणि कोळी बाटलीच्या झाकणाच्या फटीतून आत जातात आणि पायांना चिकटलेले बुरशीचे बीजाणू माध्यमावर पेरत फिरतात. दोन दिवसांनी पाहिले तर कोळी जेथून चालला त्या वाटेवर बुरशीचे ठिपके ओळीने उगवलेले दिसतात. बाहेर आल्यावर रोपाची परीक्षा अधिक कठीण होते. बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. अशी कोवळी पाने मावा, पांढरी माशी, फुलकिडे आणि लाल कोळी यांना मेजवानीच वाटतात. सतत ओल्या कोकोपीटमध्ये बुरशीवर जगणाऱ्या बारीक काळ्या माश्यांच्या अळ्या नवी मुळे कुरतडतात.

जळगाव जिल्ह्यातील केळीच्या 'हरण्या' रोगाचा अनुभव औषधी पिकांच्या शेतकऱ्यांनीही डोळ्यांपुढे ठेवावा. काकडीवर्गीय पिकांत आणि तणांत राहणारा हा मोझॅक विषाणू मावा किडीमार्फत कोवळ्या केळीरोपांवर येतो. मावा काही क्षणांत विषाणू उचलतो आणि काही क्षणांतच दुसऱ्या झाडात सोडतो. त्यामुळे फवारणीने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. अशा वेळी शेतकऱ्याचा राग ऊतिसंवर्धनावर निघतो. तो प्रत्येक वेळी न्याय्य असतोच असे नाही, कारण लागण शेजारच्या काकडीच्या मळ्यातूनही आलेली असू शकते. दोष प्रयोगशाळेचा, हार्डनिंग रोपवाटिकेचा की शेताच्या परिसराचा, हे ठरविण्यासाठी प्रत्येक टप्प्याची नोंद लागते. ती नसेल तर वाद मिटत नाही आणि धडाही मिळत नाही.

गरज कोठे, हौस कोठे

प्रत्येक औषधी वनस्पतीला बाटलीची गरज नाही. गुळवेल आणि अडुळसा छाटांपासून येतात, ब्राह्मी तुकड्यांपासून पसरते, वेखंड गड्ड्यांपासून आणि कोरफड फुटव्यांपासून वाढते; अश्वगंधा व तुळस बियांपासून सहज उगवतात. अशा वनस्पतींची महागडी ऊतिसंवर्धित रोपे शेतकऱ्याला सुचविणे म्हणजे विहीर भरलेली असताना टँकर मागविण्यासारखे आहे. फार तर छाटांना मुळे लवकर यावीत म्हणून आयबीएची पूड लावावी. संजीवकाचा हा उपयोग स्वस्त, सोपा आणि खात्रीचा आहे.

ऊतिसंवर्धनाची खरी गरज आहे ती जेथे लागवड साहित्य दुर्मीळ, मंदगतीने वाढणारे किंवा रोगट आहे तेथे. बोरिवलीचे नाव आपल्या शास्त्रीय नावात मिरविणाऱ्या सफेद मुसळीची लागवड मुळ्यांपासून होते, म्हणजे विकायचा मालच बियाणे म्हणून जमिनीत घालावा लागतो. तिची सूक्ष्म अभिवृद्धी करण्याची पद्धत उदयपूरच्या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. कळलावीचे कंद संथ गतीने वाढतात. हळदीत निरोगी बेण्याचा प्रश्न कायमचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हळदीच्या ऊतिसंवर्धनाचे काम १९७०च्या दशकातच केले होते. याच प्रयोगशाळेने १९९० मध्ये बांबूला बाटलीत फुले आणून जगाचे लक्ष वेधून घेतले. कित्येक दशकांनी येणारा फुलोरा सायटोकायनिनच्या साहाय्याने काही महिन्यांत आला होता. महाराष्ट्राकडे या शास्त्राचा वारसा आहे. कमतरता आहे ती त्याला शेतापर्यंत शिस्तीने नेण्याची.

दुर्मीळ वनस्पतींच्या संवर्धनासाठीही हे तंत्र मोलाचे आहे. पश्चिम घाटातील सेरोपेजिया या कंदीलपुष्पांच्या अनेक जाती मोजक्याच डोंगरांवर उरल्या आहेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांच्यावर मोलाचे काम झाले आहे. परंतु तेथेही कीटकाचा विसर पडता कामा नये. या फुलाच्या नळीत बारीक माश्या अडकतात आणि सुटका होताना परागकण घेऊन जातात. प्रयोगशाळा हजार रोपे करून डोंगरावर लावू शकेल. त्या माश्या नसतील तर शेंग धरणार नाही आणि पुढची पिढी पुन्हा बाटलीतूनच आणावी लागेल. कळलावीच्या शेतात मजूर लावून हाताने परागीभवन करावे लागते, हा त्याच प्रश्नाचा व्यापारी अवतार आहे.

सातबारा कसा असावा

केंद्र शासनाने मार्च २००६ मध्ये बियाणे कायदा, १९६६ अन्वये जैवतंत्रज्ञान विभागाला ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची जबाबदारी दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय व्यवस्थेत प्रयोगशाळांना मान्यता दिली जाते, विषाणू आणि आनुवंशिक शुद्धता यांची तपासणी होते आणि रोपांच्या खेपेला लेबल मिळते. ही व्यवस्था चांगली आहे. परंतु ती प्रयोगशाळेच्या दारापर्यंत येऊन थांबते. हार्डनिंग रोपवाटिकेत पुढे काय घडले, हे तिच्या कक्षेबाहेर राहते. आणि औषधी घटकाचे प्रमाण हा तर औषधी पिकाचा आत्मा. त्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः मागितल्याशिवाय मिळत नाही.

जमीन घेताना कोणताही शहाणा शेतकरी सातबारा पाहिल्याशिवाय इसार देत नाही. मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कोणता, हे एका कागदावर कळते. औषधी वनस्पतीच्या ऊतिसंवर्धित रोपालाही असाच एका पानाचा सातबारा असावा. त्यात सहा नोंदी पुरेशा आहेत.

पहिली, मातृरोपाची ओळख: जात, मूळ ठिकाण आणि त्या झाडातील औषधी घटकाचे तपासलेले प्रमाण. दुसरी, पद्धत: शेंडा किंवा डोळ्यापासून थेट कोंब घेतले, की पेशींच्या गोळ्यातून. तिसरी, उपसंवर्धनाच्या फेऱ्यांची संख्या आणि वापरलेल्या संजीवकांची नावे व मात्रा. चौथी, विषाणू तपासणी: कोणत्या विषाणूंसाठी आणि कोणत्या तारखेला. पाचवी, हार्डनिंग: कोणत्या रोपवाटिकेत, किती आठवडे आणि त्या काळात कोणत्या किडी आढळल्या, कोणती फवारणी केली. सहावी, खेपेचा क्रमांक, म्हणजे ओरगडमच्या भाषेत चेसिस क्रमांक.

यावर दोन आक्षेप येतील. लहान प्रयोगशाळांना हा खर्च परवडणार नाही, हा पहिला. वस्तुतः यांपैकी चार नोंदी प्रयोगशाळेच्या स्वतःच्या वहीत असायलाच हव्यात. त्या उतरवून देण्याचा खर्च कागदाएवढाच आहे. ज्या प्रयोगशाळेच्या वहीत फेऱ्यांची नोंदच नाही, तिच्याकडून रोपे न घेणे हेच हिताचे. विषाणू आणि रासायनिक तपासणी मात्र खर्चिक आहे. ती कृषी विद्यापीठे व संशोधन संस्थांनी खेपेनिहाय, वाजवी शुल्कात करून द्यावी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकत्रित मागणी नोंदवून शुल्काचा भार वाटून घ्यावा.

दुसरा आक्षेप, संजीवकांच्या मात्रा हे व्यावसायिक गुपित आहे. काही प्रमाणात तो मान्य करता येईल. अचूक पाककृती उघड करण्याची गरज नाही. कोणत्या गटाची संजीवके, कोणत्या मर्यादेत आणि किती फेऱ्यांत वापरली, एवढे सांगितल्याने कोणाचा धंदा बुडत नाही. जो विक्रेता एवढेही सांगण्यास तयार नाही, तो गुपित राखत नसून दोष झाकत असण्याची शक्यता अधिक.

या शतकाच्या आरंभी सफेद मुसळीच्या लागवडीची लाट महाराष्ट्रातही आली होती. लागवड साहित्याला भरमसाट भाव सांगितला गेला, परतखरेदीची आश्वासने दिली गेली आणि ती अनेक ठिकाणी हवेत विरली. त्या वेळी शेतकऱ्याच्या हाती दाद मागण्यासाठी साधा कागदही नव्हता. आता त्याच वनस्पती अधिक चकचकीत वेष्टनात, 'टिश्यू कल्चर'च्या नावाने दारात येत आहेत. तंत्र पूर्वीपेक्षा निश्चितच चांगले आहे. ते वाया जाऊ नये, म्हणूनच त्याच्यासोबत शिस्त यायला हवी.

विस्तार कार्यकर्त्यांना हे काम उद्यापासून सुरू करता येईल. पुढील शिवारफेरीत एखादा शेतकरी औषधी वनस्पतीच्या रोपांचे पत्रक पुढे करील, तेव्हा उत्पन्नाच्या आकड्यांवर चर्चा करण्याआधी त्याने विक्रेत्याकडून या सहा नोंदी लेखी मागवाव्यात, असे त्याला सांगावे. प्रगतिशील शेतकऱ्यांनी पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांवरच लागवड करावी, खेपेचा क्रमांक शेताच्या वहीत लिहावा, आलेल्या किडींची तारीखवार नोंद ठेवावी आणि काढणीनंतर नमुना तपासून घ्यावा. क्षेत्र वाढवायचे की नाही, हा निर्णय त्या अहवालावर सोपवावा.